जिभेखालची गोळी आणि थंडी

क्युरेटिंगआधी, म्हणजे गर्भपिशवी आतून साफ करण्याआधी, गोळी देऊन बसवून ठेवणं म्हणजे बिल वाढवायचा धंदा, असं इथे कोणीतरी लिहिलंय, ते पटलं नाही. इंदूरला नर्सिंग होममध्ये सिस्टर आहे, रोज बघते. मिसोप्रोस्टॉल ही ती गोळी, 400 मायक्रोग्रॅम दिली की पिशवीचं तोंड मऊ पडतं, डायलेटरला (तोंड रुंद करायच्या सळईला) जोर लावावा लागत नाही, इजेची भीती कमी. पूर्वी लॅमिनेरिया, म्हणजे समुद्री शेवाळाची वाळकी काडी, आदल्या दिवशी ठेवत. ओल शोषून ती हळूहळू फुगायची. त्यापेक्षा गोळीनंतर थांबायचे हे दोन-तीन तास बरे.

पण एक कोणीच लिहिलं नाही. गोळी जिभेखाली दिली तर काम लवकर होतं, पण थंडी जास्त वाजते. ऐन मे महिन्यात पंखा बंद करायला लावून दोन-दोन ब्लँकेटं मागतात. सासूबाई लगेच, "अगं बाई, इन्फेक्शन झालं!" बहुतेक वेळा गोळीचीच थंडी असते. तरी सिस्टरला सांगा, आणि शाल घेऊन या.