फार्मच्या १२ जागा ५ वर आणायच्या म्हणे!

पड_जमीन
हिशेबीने काल आपल्या फँटसी आइस हॉकी लीगच्या ग्रुपवर जे टाकलं त्याला दोन ओळींत उत्तर देऊन झोपणार होतो. झोप काही लागली नाही, म्हणून इथे सविस्तर. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी त्याच्या मागण्या: फार्मच्या, म्हणजे अजून एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली सर्वोच्च आइस हॉकी लीग) न रुळलेली पोरं राखून ठेवायच्या, १२ जागांच्या ५ करा. ड्राफ्ट झाल्यापासून, म्हणजे एनएचएल संघाने निवडल्यापासून, तीन वर्षांत एनएचएलमध्ये न उतरलेला पोरगा आपोआप सुटावा. गोलीला (गोलकीपरला) फार्मवर ठेवायला बंदी. आणि वर टोमणा, की "पोरं भरून ठेवणं हा खेळ नाही, साठेबाजी आहे".

साठेबाजी! जणू मी चाळीत कांदे भरून भाव चढायची वाट बघतोय. (बघतोयच. पण मग लीगचं नाव कीपर लीग, म्हणजे खेळाडू राखून ठेवणारी, कशाला ठेवलं?)

तीन वर्षांचंच घेऊ. काप्रिझोव २०१५ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत, १३५ वा. मिनेसोटाकडून पहिला सामना जानेवारी २०२१ मध्ये, आणि त्याच हंगामात कॅल्डर, म्हणजे सर्वोत्तम नवख्याचा किताब. शेस्टर्किन २०१४ चा, ११८ वा, उतरला जानेवारी २०२० ला. सोरोकिन त्याच वर्षीचा, ७८ वा, उतरला जानेवारी २०२१ ला. हेलबक २०१२ चा, १३० वा, पहिला सामना नोव्हेंबर २०१५, म्हणजे तीन वर्षं उलटून गेल्यावर. २०२५ चा हार्ट, म्हणजे सगळ्यात मोलाच्या खेळाडूचा किताब, कोणाला मिळाला ते सांगायला नको. हिशेबीच्या नियमाने हे चौघेही वेव्हरवर (कोणीही उचलावं अशा मोकळ्या यादीत) आणि जो आधी उठेल त्याचे.

शिवाय पोरगा उतरत नाही यात दर वेळी पोराचा दोष नसतो. कॅनेडियन ज्युनियरमधून १८ व्या वर्षी निवडलेला पोरगा २० चा होईपर्यंत सहसा एएचएलला (एनएचएलच्या खालच्या लीगला) जाऊ शकत नाही. एक तर थेट एनएचएल, नाहीतर परत ज्युनियर. संघ त्याला नऊ सामने खेळवून परत पाठवतो, कारण दहाव्याला कराराचं पहिलं वर्ष खर्ची पडतं. म्हणजे त्याची दोन वर्षं नियमातच गेली. हिशेबी म्हणणार, तिसऱ्यात ये नाहीतर चालू लाग. आंब्याला मोहोर आला नाही म्हणून झाड तोडण्यातला प्रकार.

जागा कमी केल्याने कोणाला अक्कल येत नाही. ज्याला पोरं ओळखता येतात तो ५ जागांतही ओळखेल. ज्याला येत नाहीत त्याने नियम बदलायला सांगू नये.

हिशेबी
शेवटचं वाक्य मला उद्देशून आहे हे कळलं. आभार.

आता आकडे. १२ संघ गुणिले १२ जागा म्हणजे १४४ पोरं. एनएचएल ड्राफ्टच्या एका फेरीत ३२. म्हणजे साडेचार फेऱ्यांएवढी पोरं आपण कुलुपात ठेवलीत. उरलं काय? नवीन माणसाने वेव्हरवरून कोणाला उचलायचं, बर्फ सारखा करणाऱ्या झॅम्बोनी गाडीच्या ड्रायव्हरला?

तू चार नावं सांगितलीस. त्याच वर्षी, त्याच फेऱ्यांत निवडलेल्या आणि पुढे कोणाच्याही कानावर न आलेल्या पोरांची यादी दे ना. ती नाही देणार. लॉटरी लागलेल्याचाच फोटो पेपरात येतो.

आणि माझं दुखणं काय आहे ते तुला चांगलं माहीत आहे. २०२२ ला मी आलो तो कॅल्गरीला निघून गेलेल्या माणसाचा संघ घेऊन. फार्मवर १२ नावं. त्यातली ७ युरोपात परतलेली, एकाने खेळ सोडलेला. ट्रेड मागायला गेलो तर प्रत्येक जण म्हणाला, "ही पोरं सध्या देत नाही, मुरताहेत." दोन वर्षं शेवटून पहिला आलो. तुमची लोणची मुरत होती आणि मी कोरडी भाकरी खात होतो.

आपल्याकडे कायदा होता, कसेल त्याची जमीन. जो पोरगा खेळवत नाही, त्याचा त्याच्यावर हक्क नाही. गोलींचं तर विचारूच नका. आस्कारोव २०२० चा, ११ वा. २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत पाच वर्षं झाली, नॅशव्हिलहून सॅन होजेला गेला, तरी आपल्या नियमातले २५ सामने भरले नव्हते. एक जागा पाच वर्षं अडकली. कोणाची ते सांगत नाही.

पड_जमीन
माझी. सांग की. आणि कुळकायदा कुळासाठी होता, २०२२ ला येऊन सातबाऱ्यावर नाव मागणाऱ्यासाठी नव्हता.

रिंकवरची_आई
तुमचं दोघांचं चालू द्या, पण डिफेन्समनबद्दल कोणीच बोलत नाही. खरी मेख तिथे आहे.

२०१७. आपल्या फार्म ड्राफ्टमध्ये माझा दुसरा नंबर. मी नोलन पॅट्रिक घेतला. का? एनएचएलमध्ये दुसरा गेला होता, सेंटर होता, लगेच खेळणार होता. माझा मुलगा तेव्हा ११ वर्षांचा, पीवीत (लहान मुलांच्या गटात) खेळायचा. सारखा मागे लागला होता, आई मकार घे, मकार घे. मी म्हटलं, तो डिफेन्समन, त्यात कॉलेजला चाललाय मॅसॅच्युसेट्सला, कोण थांबणार? पॅट्रिकचा २०१९-२० चा अख्खा हंगाम मायग्रेनमध्ये गेला. मकारने त्याच हंगामाचा कॅल्डर नेला, पुढे दोन नॉरिस (सर्वोत्तम डिफेन्समनचा किताब), २०२४-२५ ला ९२ पॉइंट. मुलगा आता १९ चा आहे. पहाटे पाचला ब्रॅम्प्टनच्या रिंकवर त्याच्या लेस बांधून बांधून माझी बोटं गारठायची, ते तो विसरला. मकार विसरलेला नाही.

एवढ्यावरही शिकले नाही. बूशार्ड माझ्याकडे होता. २०१८ चा, १० वा. एडमंटनने सात सामने खेळवून परत पाठवला, पुढचं वर्ष बेकर्सफिल्डला एएचएलमध्ये. २०२० ला कंटाळून मी तिसऱ्या फेरीच्या एका पिकवर (निवडीच्या हक्कावर) दिला. २०२३-२४ ला त्याने ८२ पॉइंट केले. ज्याला दिला तो वर धागा काढून बसलाय. पेढे अजून पोचलेले नाहीत.

तेव्हा हिशेबीभाऊ, १२ काय नि ५ काय, जागा कमी असत्या तर मी बूशार्डला २०१९ लाच सोडलं असतं. उलट माझ्यासारख्यांना नियमाने बांधून ठेवलं पाहिजे, डिफेन्समन चार वर्षं विकायचा नाही.

पड_जमीन
ताई, पेढे गणपतीत नक्की.

निळा_दुखवटा
गोलींना बंदी या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. गोली प्रॉस्पेक्ट (होतकरू पोरगा) हा शाप आहे, आणि हे टोरंटोत राहणाऱ्याला शिकवावं लागू नये. एकच नाव घेतो. रास्क.

पहाटेचा_पक
झालं सुरू.

निळा_दुखवटा
होणारच. २००५ ला लीफ्सनी, म्हणजे टोरंटोच्या संघाने, गोली तुक्का रास्क घेतला, २१ वा. वर्षभरात बॉस्टनला देऊन टाकला, बदल्यात दुसरा गोली रेक्रॉफ्ट. का? तर आपल्याकडे तरुण गोली पॉगी आहे ना! वर्ल्ड ज्युनियर्सचं सोनं जिंकून आलेला, भविष्य तोच. पॉगी लीफ्सकडून सात सामने खेळला. सात! रेक्रॉफ्टला दोन वर्षांत पैसे देऊन घरी पाठवला. आणि रास्कने २०१४ ला व्हेझिना (सर्वोत्तम गोलीचा किताब) घेतली. त्याच्या आदल्या वर्षी, १३ मे २०१३, प्लेऑफमध्ये बॉस्टनशी सातवा सामना, तिसऱ्या पिरियडमध्ये ४-१ ने पुढे होतो, तरी हरलो. समोरच्या गोलमध्ये कोण उभा होता?

अख्खी स्काउटिंगची फौज पदरी असलेल्या संघाला दोन गोलींतला कोणता ठेवायचा ते कळलं नाही. मिसिसागाच्या बेसमेंटमध्ये चिवडा खात लॅपटॉप उघडणाऱ्याला कळणार?

पड_जमीन
अरे बाबा, तुझंच उदाहरण तुझ्यावर उलटतंय. रास्कला ठेवला असता तर? चूक गोली ठेवण्याची नव्हती, घाईने विकण्याची होती. मी हेच तर सांगतोय.

निळा_दुखवटा
नाही. मुद्दा हा आहे की आधी कळत नाही. ज्यांनी पॉगी ठेवला त्यांना आपण धीर धरतोय असंच वाटत होतं. तुझ्या आस्कारोवसारखं.

हिशेबी
पहिल्यांदाच निळ्याशी सहमत आहे. तारीख लिहून ठेवतो.

रिंकवरची_आई
निळ्याभाऊ, तुमच्या फार्मवर १२ पैकी ५ पोरं लीफ्सची आहेत. कोवन, डॅनफर्ड आणि कोण कोण. मागच्या वर्षी मी कोवन मागितला तर तुम्ही माझा पहिल्या फेरीचा पिक वर आणखी एक पोरगा मागितलात. हे प्रॉस्पेक्ट मॅनेजमेंट नव्हे, ही भक्ती आहे.

निळा_दुखवटा
ताई, तुम्ही हॅब्जवाल्या, मॉन्ट्रियलच्या. तुम्हाला हटसन ६२ वा मिळाला, ६६ पॉइंट, कॅल्डर. डेमिडोव २०२५ च्या एप्रिलमध्ये आला नि पहिल्याच सामन्यात गोल. तुम्हाला भक्तीची गरजच काय, देव घरी येऊन पाणी भरतोय. आम्ही २०२५ च्या मार्चमध्ये मिंटन दिला, वर पहिल्या फेरीचा पिक दिला, कार्लोसाठी. ग्रेबेन्किन दिला, परत पहिल्या फेरीचा पिक दिला, लॉटनसाठी. त्याच उन्हाळ्यात मार्नर व्हेगासला गेला. मी माझ्या फार्मवर ती पोरं ठेवतो, कारण लीफ्स ठेवत नाहीत. कोणीतरी ठेवायला हवीत!

पहाटेचा_पक
हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. हसून.

निळा_दुखवटा
पुण्यात बसून हसायला सोपं आहे. हिवाळ्यात लीफ्स हरल्यावर उणे वीस डिग्रीत स्कॉशियाबँक अरीनापासून युनियन स्टेशनपर्यंत चालून दाखव.

हिशेबी
ते आतून जाता येतं. बाहेर पडावंच लागत नाही.

निळा_दुखवटा
विषय तो नाहीये!!

जुना_पंच
विषय फार्मच्या जागांचा आहे. रास्क, पॉगी आणि लीफ्सचं सुतक यांसाठी वेगळा धागा काढा. पुढच्या पोस्टमध्ये २०१३ आलं तर काढून टाकीन.

पहाटेचा_पक
काका, माझं थोडं ऐका. टोरंटो सोडून पुण्याला परतलो तेव्हा सगळे म्हणाले, संघ सोड, वेळ जमणार नाही. माझ्याकडे तेव्हा सांगण्यासारखा एकच पोरगा होता, काप्रिझोव. मॉस्कोला करारात अडकलेला. दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारायचं, अजून धरून बसलास? बायको म्हणायची, या मुलाचं लग्न ठरेल पण हा खेळायला येणार नाही.

१५ जानेवारी २०२१, सकाळी. किंक्रांत. आईने आदल्या दिवशीच बजावलं होतं, उद्या काही नवीन सुरू करू नकोस. मी ऑफिसचा कॉल म्यूट करून त्याला फार्मवरून वर घेतला. मिनेसोटा लॉस एंजेलिसमध्ये खेळत होता. दोन असिस्ट आणि ओव्हरटाइममध्ये विजयी गोल, पहिल्याच सामन्यात. कॉलवर मी जोरात "येस" म्हणालो आणि म्यूट काढलेलं होतं. क्लायंटला वाटलं, मी डेडलाइन मान्य केली. ती दोन आठवडे भोगली.

हिशेबी, तुझ्या नियमाने ही सकाळ माझ्या वाट्याला आलीच नसती. म्हणून माझं मत विरोधात. आकडेवारी माझ्याकडे नाही, लागतही नाही.

हिशेबी
गोष्ट छान आहे. पण तुझ्याकडे काप्रिझोव होता आणि त्याच वेळी बाकी ११ जागांवर कोण होतं ते सांग.

पहाटेचा_पक
ते आठवत नाही.

हिशेबी
हेच. हेच मी काल लिहिलं होतं.

पड_जमीन
बरं. कॅल्गरीवाल्याचा मेलेला संघ तुझ्या गळ्यात मारला, ते चुकलं आमचं. तेव्हा मीही तुला "मुरताहेत" असंच म्हणालो होतो, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या दोघांची मला आता नावंही आठवत नाहीत. तेव्हा एवढं मान्य: सोडून गेलेल्याचा संघ घेणाऱ्याला फार्म कोरी करून त्या वर्षीच्या फार्म ड्राफ्टमध्ये आधी दोन पिक मिळावेत. आणि खेळ सोडलेला किंवा संघाने हक्क सोडलेला पोरगा आपोआप सुटावा. तीन वर्षांची अट मात्र नाही म्हणजे नाही. १२ च्या १० करा हवं तर. ५ नाही.

हिशेबी
वा, जमीनदारांनी दोन गुंठे सोडले. तीन वर्षांनी का होईना. १० ला तयार आहे, पण १० मध्ये गोली जास्तीत जास्त एक.

पड_जमीन
माझ्याकडे आस्कारोव आणि वॉलस्टेड दोघे आहेत, हे तुला माहीत आहे म्हणून एक म्हणतोयस.

हिशेबी
वॉलस्टेडचं २०२४-२५ ला आयोवात (एएचएलमध्ये) जे झालं ते पाहता तुझ्यावर उपकारच करतोय. सोड त्याला. मी उचलतो.

रिंकवरची_आई
आत्ता कळलं गोलीबंदी कशासाठी होती ते.

हिशेबी
ताई, तसं काही नाही. बंदी आली असती तर मलाही ठेवता आला नसता.

पड_जमीन
आता बंदी नाही, एकाची मुभा मागतोयस. आणि तुझ्या फार्मवर गोली शून्य आहेत. मीही बघितलंय.

जुना_पंच
मतदान गणपतीआधी उरकू. तीन प्रश्न: १२ की १०, गोली एक की दोन, आणि नवीन माणसाला आधीचे दोन पिक. तीन वर्षांची अट कोणालाच नको दिसतेय, ती काढली. मीटिंग गुरुवारी रात्री साडेआठला ऑनलाइन. बारा जणांपैकी नऊ तरी हवेत. निळ्याने निळी जर्सी घालून आलं तरी चालेल.

पहाटेचा_पक
तुमचे रात्रीचे साडेआठ म्हणजे आमचे शुक्रवारचे सकाळचे सहा. मला कोणी विचारलं?

रिंकवरची_आई
तुम्ही तसेही जागेच असता. म्यूट तेवढं तपासून बसा.