‘प्रवास करणे’ला इंग्रजीत किती शब्द? आपापली फजिती सांगा

लेकीची शब्दार्थांची वही बघत होते. ट्रॅव्हल, जर्नी, कम्यूट, व्हॉयेज, ट्रेक, रोम. पहिल्यापुढे लिहिलंय ‘प्रवास करणे’ आणि खाली पाचही ओळींत नुसत्या ‘वरीलप्रमाणे’च्या दोन टिंब-रेघा! ओरडणार होते, तेवढ्यात माझं स्वतःचं जुनं प्रकरण आठवलं आणि गप्प बसले.

पहिलीच नोकरी होती. सुट्टीवरून परत आल्यावर परदेशातल्या एका सहकारी बाईंना ऐटीत मेल लिहिली, ‘वी ट्रिप्ड लास्ट वीक, होल फॅमिली.’ तासाभरात काळजीचं उत्तर: कोणाला फार लागलं नाही ना? मला काही उलगडेना. शेवटी शब्दकोश उघडला. ट्रिप नाम असेल तर सहल, क्रियापद केलं की ठेच लागून धडपडणे. म्हणजे आम्ही सहकुटुंब धडपडलो होतो. ‘वेन्ट ऑन अ ट्रिप’ म्हणायचं असतं, ते तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय.

येऊ द्या तुमचंही.

*

सहकुटुंब धडपडलो 😂😂 मीटिंगमध्ये आहे हो, हसता पण येत नाहीये

*

माझं बीन आणि गॉन. साहेब मुख्य कार्यालयात गेले होते. फोन आला, मी म्हणालो, ‘ही हॅज बीन टू द हेड ऑफिस.’ समोरचा माणूस अर्ध्या तासात दारात हजर! त्याच्या हिशोबी साहेब जाऊन परत आलेले. गॉन म्हणजे गेलाय, अजून तिकडेच आहे. बीन म्हणजे जाऊन आलाय. दीड तास बसवून ठेवला बिचाऱ्याला, वर माझ्याकडेच रोखून बघत होता.

*

बरं झालं घाईत ‘साहेब इज गॉन’ नाही म्हणालात. हार घेऊन आला असता तो.

*

आमच्याकडे ‘रीच्ड टू होम’. मोबाइलमध्ये वर्षानुवर्षं हाच मेसेज. रीचला टू लागत नाही हे मुलाने सांगितलं. पण अराइव्हला मात्र अॅट नाहीतर इन हवंच, आणि दोन्ही होमपुढे गळतात. म्हटलं बाबा, मी सुखरूप पोचले एवढं तुला कळलं ना?

*

यांच्यात गाडी कुणाच्या हातात आहे ते क्रियापदातच कळतं. ड्राइव्ह म्हणजे मुळात हाकणं, गुरं हाकतात तसं. आपण ‘गाडी हाकतो’ म्हणतो तेच की! राइड म्हणजे वर बसून जाणं, मग घोडा असो की सायकल. रोड हा शब्दही या राइडचाच भाऊबंद. विमानात मात्र गंमत, पायलट पण फ्लाय करतो आणि मागे झोपलेलो आपण पण फ्लायच करतो. शीड नसलेलं जहाज अजून सेलच करतंय.

*

गेट इन आणि गेट ऑनने छळलं मला. कारमध्ये इन, बसमध्ये ऑन. एका सरांनी युक्ती सांगितली: आत शिरल्यावर उभं राहून चालता येत असेल तर ऑन, वाकून बसावं लागत असेल तर इन. आजवर कामाला आलीय. सायकल आणि घोड्याचं विचारू नका, तिथे वर बसायचं म्हणून ऑन.

*

बाबा म्हणाले, पेन्शन कम्यूट करतोय. मी नुकताच रोजची ये-जा या अर्थाने कम्यूट शिकलेलो. म्हटलं पेन्शन रोज कुठे जाते? 🙂 शब्द एकच आहे, मूळ अर्थ अदलाबदल: पेन्शनच्या काही भागाऐवजी एकरकमी पैसे. 19 व्या शतकात अमेरिकेत रोजच्या सुट्या भाड्यांऐवजी एकदम काढायचं सवलतीचं तिकीट निघालं, त्याला कम्यूटेशन तिकीट म्हणायचे. ते काढून जाणारे झाले कम्यूटर. फाशीची जन्मठेप होते तेव्हाही हेच क्रियापद.

*

म्हणजे रोजचा लोकलचा प्रवास हीच जन्मठेप. बरोबर आहे.

*

त्या वहीवाल्या छोटीला ओरडू नका हो ताई. आम्ही पण ‘वरीलप्रमाणे’ करूनच पास झालो. कितवीत आहे?

*

ट्रॅव्हलचं मूळ ट्रॅव्हेल, म्हणजे कष्ट, हालअपेष्टा. त्याच्याही मागे तीन खांबांचं छळायचं साधन दाखवतात. जर्नी म्हणजे एका दिवसाची मजल. आणि व्हॉयेजच्या मुळाशी लॅटिनमधली वाटखर्चाची शिदोरी! मला सगळ्यांत हाच आवडतो. ट्रेक डच लोकांचा, ओढणे, बैलगाड्या ओढत नेणे. तेव्हा ताई, तुमच्या लेकीच्या वहीत कष्ट, मजल, शिदोरी आणि बैल एकाच रांगेत बसलेत.

*

चालण्याचे राहिलेच की. स्ट्रोल = पाय मोकळे करणे. अॅम्बल = रमतगमत. ट्रज = पाय ओढत, जीव मेटाकुटीला. वॉन्डर = भटकणे. रोम = उंडारणे (आई हाच शब्द वापरायची, आणि प्रेमाने नाही). वणवणला नेमका शब्द सापडला तर कळवा. कपडे वाळत घालायचेत, येते नंतर

*

माझी भाची गोचा भूतकाळ ‘गोड’ करायची. वेन्ट मुळात वेन्ड या दुसऱ्याच क्रियापदाचा, गोने बळकावला. हसण्याआधी आपलं बघा: जातो, जाईन, आणि मग एकदम गेलो! ‘जालो’ कुठे म्हणतो आपण? तिथेही दोन वेगवेगळे धातू एका घरात नांदतायत.

*

‘आलो, आलो’ ओरडत जागचे न हलणाऱ्यांनी ‘आय केम, आय केम’ म्हटलेलं मी या कानांनी ऐकलंय. नाव सांगणार नाही, घरात राहायचंय.

*

सातवीत आहे. तुमचं सगळं वाचून दाखवलं तिला. बैल आवडले. वर मलाच सुनावलं, बास्केटबॉलमध्ये चेंडू न आपटता जास्त पावलं टाकली तर ट्रॅव्हलिंग म्हणून चेंडू काढून घेतात, ते का नाही लिहिलं कुणी? आता त्या ट्रॅव्हलिंगला काय म्हणायचं मराठीत?

*

धडपडणे 😂