पूलचा आकडा वाढवणं थांबवा: रुबी आणि दूरचा डेटाबेस

सांगकाम्या

'पाच सेकंदांत पूलमधून कनेक्शन मिळालं नाही' ही एरर रुबीच्या रेल्स फ्रेमवर्कवर काम करणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेली असते. पूल म्हणजे डेटाबेसशी जोडलेल्या, पुन्हा पुन्हा वापरायच्या कनेक्शनचा साठा. त्या एररवरचा सल्लाही ठरलेला: डेटाबेसच्या वायएमएल फाइलमध्ये पूल ५ चा १० करा, १० चा २५ करा. तेवढ्याने भागलं नाही की पुढचा सल्ला, मधे पीजीबाउन्सर, म्हणजे अनेक कनेक्शन थोड्या कनेक्शनवर वाटणारा दलाल, बसवा. मला हे दोन्ही सल्ले पटत नाहीत, विशेषतः डेटाबेस दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या नेटवर्कमध्ये असतो तेव्हा.

आधी हिशेब बघा. पूल प्रत्येक प्रोसेसचा वेगळा असतो, हे अर्ध्या लोकांच्या लक्षातच नसतं. सहा मशीन, प्रत्येकावर पुमा या रुबी वेब सर्व्हरचे चार वर्कर (वेगळ्या प्रोसेस), प्रत्येक वर्करमध्ये पाच थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), झाली १२० कनेक्शन. पोस्टग्रेस डेटाबेसची मूळ मर्यादा १००, त्यातली ३ सुपरयूझरसाठी राखीव. म्हणजे साइडकिक (मागे चालणारी कामं) आणि मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतले बदल) मोजायच्या आधीच आपण हद्दीबाहेर. मर्यादा वाढवता येते, पण पोस्टग्रेस दर कनेक्शनमागे एक अख्खी प्रोसेस उभी करतो. ते फुकट नसतं.

खरा प्रश्न हा की कनेक्शन हातात धरून आपला कोड करतो काय? रेल्स ७.१ पर्यंत रिक्वेस्टमध्ये पहिली क्वेरी गेली की ते कनेक्शन रिक्वेस्ट संपेपर्यंत त्या थ्रेडला बांधलेलं राहायचं. पुढचे दोन सेकंद थ्रेड कुठल्याशा बाहेरच्या एपीआयची वाट बघत बसला तरी कनेक्शन अडकलेलंच. ७.२ मध्ये रेल्सच्या डेटाबेसशी बोलणाऱ्या भागाने, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्डने आतून 'विथ_कनेक्शन'चा मार्ग धरला, म्हणजे काम झालं की परत पूलमध्ये. त्याच आवृत्तीत पुमाचे मूळ थ्रेडही ५ वरून ३ वर आणले. रेल्सवाले स्वतः आकडे खाली आणताहेत आणि आपण वर नेतोय.

माझं म्हणणं एवढंच: थ्रेड कमी करा, कनेक्शन उशिरा घ्या, लवकर सोडा. मधला दलाल सगळ्यात शेवटी. विरोध असेल तर कारणासकट लिहा.

---

काठावरची

कारणासकटच लिहिते.

पहिली गोष्ट, पूलचा आकडा ही कमाल मर्यादा आहे. पूल ५० ठेवला म्हणून ५० कनेक्शन उघडत नाहीत, गरज पडेल तशी एकेक उघडतात. पाच थ्रेडच्या पुमात एरवी पाचच उघडतील. त्यामुळे 'पूल वाढवला की डेटाबेस बुडतो' असं सरसकट म्हणता येत नाही. उलट पूल थ्रेडपेक्षा लहान ठेवला तर तुम्ही सांगितलेली एरर हमखास येते. साइडकिक ७ च्या आधी मूळ १० थ्रेड चालवायचं आणि कित्येकांच्या फाइलमध्ये पूल मात्र ५ च लिहिलेला असायचा. तिथे आकडा वाढवणं हेच बरोबर उत्तर होतं.

दुसरी, दलालाबद्दलची नाराजी. तुमच्या १२० च्या हिशेबात डिप्लॉय (नवा कोड चढवणं) धरलेलाच नाही. जुन्या प्रोसेस बंद व्हायच्या आत नव्या उभ्या राहिल्या तर काही काळ दुप्पट कनेक्शन. ऑटोस्केलिंग (गरजेप्रमाणे मशीन आपोआप वाढणं) असेल तर मशीन किती हे तुम्ही ठरवतच नाही. 'थ्रेड कमी करा' हे सांगायला सोपं, पण आकडा तुमच्या हातात असेल तरच. पीजीबाउन्सर नेमका इथे लागतो: अ‍ॅपच्या बाजूने हजार कनेक्शन आली तरी डेटाबेसकडे वीसच जातात.

---

रात्रपाळी

दोघंही आकड्यांवर भांडताय आणि अंतर विसरताय. शीर्षकात 'दूरचा' आहे ना?

किती कनेक्शन लागतील याचं गणित साधं आहे: सेकंदाला किती रिक्वेस्ट, गुणिले प्रत्येक रिक्वेस्ट कनेक्शन किती वेळ अडवते. सेकंदाला ५० रिक्वेस्ट, प्रत्येकीत दहा क्वेरी. डेटाबेस शेजारी असेल आणि क्वेरीला एक मिलिसेकंद लागत असेल, तर सरासरी अर्धं कनेक्शन वापरात. तोच डेटाबेस ४० मिलिसेकंद लांब गेला की क्वेरीला जाऊन-येऊन ४१ आणि सरासरी वीस कनेक्शन वापरात. कोडची एक ओळही बदललेली नाही. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे चार हजार किलोमीटरला जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद जाणारच. तिथे कुठलीही सेटिंग कामाला येत नाही.

म्हणून दूरच्या डेटाबेसवर पूल आटतो तेव्हा माझा पहिला संशय एन प्लस वन क्वेरीवर, म्हणजे यादीतल्या प्रत्येक नोंदीसाठी वेगळी क्वेरी जाण्यावर. शंभर क्वेरींचं जे पान स्वतःच्या मशीनवर चुटकीसरशी येतं, ते तिथे चार सेकंद घेतं आणि तेवढा वेळ कनेक्शन दाबून बसतं. 'इन्क्लूड्स' लावून संबंधित नोंदी एकत्र आणा, एकेक 'सेव्ह'ऐवजी 'इन्सर्ट_ऑल' वापरा. एकटा 'सेव्ह'सुद्धा ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही अशा गटात) जातो: बिगिन, इन्सर्ट, कमिट. तीन फेऱ्या, १२० मिलिसेकंद.

---

सांगकाम्या

@रात्रपाळी, माझ्या 'लवकर सोडा'चं गणित तुम्ही मांडलंत.

@काठावरची, डिप्लॉयचा मुद्दा रास्त. पण दलालाची किंमत तुम्ही सांगितली नाहीत. हजाराची वीस कनेक्शन करायची तर पीजीबाउन्सरचा ट्रान्झॅक्शन मोड लागतो, म्हणजे डेटाबेसचं कनेक्शन एका ट्रान्झॅक्शनपुरतंच मिळतं. त्यात सेशनशी (एका कनेक्शनच्या आयुष्याशी) बांधलेलं काहीच भरवशाचं राहत नाही. अ‍ॅडव्हायझरी लॉक (कोडने स्वतः मागून घेतलेलं कुलूप) गेला, आणि रेल्सचं मायग्रेशन तोच लॉक घेतं. लिसन-नोटिफाय (डेटाबेसमार्फत सूचना पाठवणं-ऐकणं) गेलं, म्हणजे रेल्सच्या थेट संदेशांसाठीच्या अ‍ॅक्शन केबलचा पोस्टग्रेस अडॅप्टर गेला. 'सेट' करून ठेवलेलं काही असेल तर ते पुढच्या भलत्याच क्लायंटच्या वाट्याला. प्रिपेअर्ड स्टेटमेंटची (सेशनमध्ये आधी तयार करून ठेवलेल्या क्वेरींची) रड तर जगजाहीर.

---

काठावरची

प्रिपेअर्ड स्टेटमेंटची रड जुनी झाली. पीजीबाउन्सर १.२१ मध्ये, २०२३ साली, ती सोय आली. 'मॅक्स_प्रिपेअर्ड_स्टेटमेंट्स' शून्याच्या वर ठेवा. मायग्रेशनसाठी थेट पोस्टग्रेसच्या ५४३२ पोर्टवर जाणारी वेगळी नोंद ठेवायची, बाकी सगळं पीजीबाउन्सरच्या ६४३२ वरून. दहा मिनिटांचं काम आहे. लिसन-नोटिफायचं मान्य, त्याला थेट कनेक्शनच हवं.

रात्रपाळींच्या गणितातून माझाच मुद्दा निघतो. पीजीबाउन्सर डेटाबेसच्या शेजारी बसवला तर डेटाबेसकडचं कनेक्शन सुट्या क्वेरीसाठी फक्त खऱ्या कामाचा एक मिलिसेकंद अडतं. चाळीस मिलिसेकंदांचा प्रवास अ‍ॅप आणि बाउन्सर यांच्या मधल्या स्वस्त कनेक्शनवर होतो. वीस ऐवजी पुन्हा अर्धं.

---

रात्रपाळी

सुट्या क्वेरींना लागू. ट्रान्झॅक्शन उघडलं की बिगिन ते कमिट सगळा प्रवास डेटाबेसच्या कनेक्शनच्या माथी. लिहिण्याचं काम जास्त असेल तर तुमचं अर्धं परत वर चढणार. आणि ट्रान्झॅक्शनच्या ब्लॉकमध्ये कोणी एचटीटीपी कॉल केला असेल तर बाउन्सर काय करणार, कपाळ?

---

एकओळी

मायएसक्यूएलवाल्यांनी काय करायचं? ही चर्चा पोस्टग्रेसचीच दिसते.

---

रात्रपाळी

मायएसक्यूएल दर कनेक्शनला प्रोसेसऐवजी थ्रेड देतो, मूळ मर्यादा १५१. कनेक्शन तुलनेने हलकं. अंतराचं गणित मात्र तेच.

---

जुना खोडसाळ

तुम्ही सगळे वेब अ‍ॅपवाले. रुबीत रात्री एकदा चालून संपणाऱ्या स्क्रिप्टही लिहितात हो! तिथे पूल, बाउन्सर, कसलीच गरज नाही. सीक्वेल या डेटाबेस लायब्ररीचा 'कनेक्ट' ब्लॉकसकट वापरा, ब्लॉक संपला की कनेक्शन बंद. नुसता पीजी जेम (पोस्टग्रेसशी बोलणारी रुबी लायब्ररी) असेल तर 'एन्शुअर'मध्ये 'फिनिश'. विषय संपला.

माझा अनुभव असा की स्क्रिप्टचं कनेक्शन जास्त झाल्याने क्वचितच अडतं, ते गुपचूप मेल्याने अडतं. स्क्रिप्ट डेटा आणते, दहा मिनिटं स्वतःशी आकडेमोड करते, मग लिहायला जाते आणि लटकते. एरर नाही, काही नाही. मधल्या फायरवॉलने किंवा नॅटने (नेटवर्कचे पत्ते बदलून देणाऱ्या यंत्रणेने) 'बराच वेळ शांत आहे' म्हणून नोंद पुसलेली असते. एडब्ल्यूएसच्या नॅट गेटवेवर ही मुदत ३५० सेकंद आहे. कनेक्शन जिवंत आहे का तपासणारा लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह मुळात ७२०० सेकंदांनी जागा होतो. दोन तास! तोवर मयताला कोण हलवून बघणार? जोडतानाच 'कीपअलाइव्ह्ज_आयडल' ६० ठेवा. रेल्सवाले थोडे नशीबवान, त्यांचा पूल वापरात नसलेली कनेक्शन ३०० सेकंदांनी स्वतः काढून टाकतो. पण एखाद्या थ्रेडने हातात धरून ठेवलेल्या कनेक्शनला ते लागू नाही.

---

सांगकाम्या

खोडसाळ, सीक्वेलमध्ये त्यासाठीच 'कनेक्शन_व्हॅलिडेटर' आहे ना?

---

जुना खोडसाळ

आहे, पण आपोआप चालू नसतो. चालू केला तरी तासाभरापेक्षा जास्त पडून राहिलेलंच कनेक्शन तपासतो, मूळ आकडा ३६००. ३५० च्या पुढे तो काय पुरणार? उणे एक दिला तर दर वेळी तपासतो, पण मग पूलमधून कनेक्शन घेताना प्रत्येक वेळी एक जादा फेरी, आणि रात्रपाळींचे चाळीस मिलिसेकंद वाढले. मी ३०० ठेवतो आणि कीपअलाइव्हही लावतो.

---

मधलीसुट्टी

एवढा खटाटोप कशाला? मायएसक्यूएल२ या जेममध्ये 'रीकनेक्ट: ट्रू' लिहायचं. तुटलं की जोडलं. आम्ही तेच वापरतो.

---

काठावरची

नका वापरू. नव्याने जोडलेलं कनेक्शन म्हणजे नवं सेशन. तात्पुरते टेबल, सेशन व्हेरिएबल, घेतलेले लॉक, अर्धवट ट्रान्झॅक्शन, सगळं गेलेलं असतं आणि तुमच्या कोडला पत्ता नसतो. अर्धं ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालेलं, उरलेलं अर्धं नव्या कनेक्शनवर एकेक क्वेरी म्हणून कमिट होणार. खुद्द मायएसक्यूएलने ८.० च्या उत्तरार्धात ही सोय निवृत्तीच्या वाटेला लावली ती उगाच नाही.

रेल्स ७.१ पासूनचा मार्ग शहाणा आहे. तुटलेलं कनेक्शन तो परत जोडतो, पण क्वेरी पुन्हा पाठवतो ती फक्त पुन्हा पाठवली तरी बिघडणार नाही अशी खात्री असेल तेव्हाच. इन्सर्ट पाठवल्यावर तार तुटली तर तो तिकडे कमिट झाला की नाही हे इकडून कळायला मार्ग नाही.

---

मधलीसुट्टी

आमच्या स्क्रिप्ट फक्त वाचतात, ताई. ट्रान्झॅक्शन नाही, लॉक नाही. त्यांना काय धोका?

---

काठावरची

त्यांना फारसा नाही. फक्त उद्या कोणी त्याच सेटिंगवर लिहिणारी स्क्रिप्ट चालवेल तेव्हा तुम्ही तिथे असा म्हणजे झालं.

---

तिसरी बाजू

मी सगळ्यांच्याच विरोधात. रुबीच्या प्रोग्रामने दूरच्या डेटाबेसला थेट हात लावूच नये. डेटाबेसशेजारी छोटी एचटीटीपी सेवा ठेवा, बाहेरच्यांनी तिच्याशी बोलावं. डेटाबेसचं पोर्ट बाहेर उघडायला नको, पासवर्ड दहा मशीनवर पसरायला नको, आणि वीस फेऱ्यांच्या जागी एक फेरी. किती जणांना माहीत आहे की पोस्टग्रेसशी जोडणाऱ्या लिबपीक्यू लायब्ररीचा मूळ एसएसएल (तारेवरचं सांकेतीकरण) मोड 'प्रिफर' आहे? म्हणजे समोरून एसएसएल मिळालं तर ठीक, नाही मिळालं तर साध्या तारेवर. मिळालं तरी समोरचा सर्व्हर खरा की तोतया हे तपासणार नाही. सर्व्हरची ओळख तपासणारा 'व्हेरिफाय-फुल' मोड आणि रूट सर्टिफिकेट दिल्याशिवाय उघड्या इंटरनेटवरून जोडणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं.

---

सांगकाम्या

'व्हेरिफाय-फुल'ला शंभर टक्के अनुमोदन. पण एचटीटीपी सेवेने प्रश्न सुटत नाही, घर बदलतो. त्या सेवेलाही पूल लागणारच, तिच्यातही थ्रेड असणारच. शिवाय दोन टेबलांत एकत्र लिहायचं असेल तर ट्रान्झॅक्शन एचटीटीपीवरून कसं नेणार? प्रत्येक व्यवहारासाठी वेगळा एंडपॉइंट लिहीत बसायचं? दोन-चार लोकांच्या टीमला एसएसएच टनेल (दोन मशीनमधला सुरक्षित बोगदा) पुरतो. पोर्टही बाहेर उघडावं लागत नाही.

---

तिसरी बाजू

टनेल पडला की रात्री कोण उठणार तेही लिहा. आणि हो, प्रत्येक व्यवहारासाठी वेगळा एंडपॉइंटच लिहायचा. त्यालाच डिझाइन म्हणतात.

---

रात्रपाळी

एक भर, कोणी बोललं नाही म्हणून. नवं कनेक्शन उघडायची किंमत. टीसीपीची एक फेरी, एसएसएल आहे का विचारायची एक, टीएलएस १.३ ची (एसएसएलचा पुढचा अवतार) एक, मग ओळख आणि स्क्रॅम पद्धतीच्या पासवर्डच्या तीन. सहा फेऱ्या. चाळीस मिलिसेकंद अंतरावर पहिली क्वेरी निघायच्या आधीच २४० गेले. पोस्टग्रेस १७ मध्ये थेट एसएसएलची सोय वापरली तर एक फेरी वाचते, बस. म्हणून सांगकाम्यांच्या 'लवकर सोडा'चा अर्थ 'पूलमध्ये परत द्या' असाच घ्या, बंद करू नका. 'लवकर सोडा' म्हणजे दर वेळी 'डिस्कनेक्ट' असं समजून वेबची रिक्वेस्ट पाव सेकंदाने लांबवलेली मंडळी आहेत.

आणि मेहेरबानी करून क्वेरीला वेळेचं बंधन घालायला रुबीचं 'टाइमआउट.टाइमआउट' वापरू नका. ते थ्रेडला कुठेही मधेच तोडतं, अर्धं उत्तर तारेवर राहतं आणि तसंच कनेक्शन पूलमध्ये परत जायची भीती असते. पोस्टग्रेसचं 'स्टेटमेंट_टाइमआउट' आहे, मुळात शून्य म्हणजे अमर्याद असतं, तेवढं सेट करा.

---

सांगकाम्या

बरोबर, पूलमध्येच परत. आता माझी भूमिका नेमकी करतो. ऑटोस्केलिंग असेल किंवा डिप्लॉयला प्रोसेस दुप्पट होत असतील तर दलाल बसवा, डेटाबेसच्या शेजारी. मशीन मोजकी आणि ठरलेली असतील तर नको. 'पूल वाढवा' हा सल्ला मात्र थ्रेडचा आकडा विचारल्याशिवाय कोणी देऊ नये, यावर मी ठाम आहे.

---

काठावरची

थ्रेडबरोबर आणखी एक विचारा. एरर चालू असताना डेटाबेसवर 'पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी' बघून किती कनेक्शन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून रिकामी) आहेत ते मोजा. ती जास्त असतील तर पूल, बाउन्सर दोन्ही बाजूला ठेवा आणि ट्रान्झॅक्शनमध्ये बसून वाट बघणारा कोड शोधा. ती कमी आणि 'आयडल' भरपूर असतील, तर मग या आपण दलालावर परत भांडायला.