पहिलं पेमेंट नक्की कधी हातात पडतं? (फायव्हर, अपवर्क) सोलापूरकरांनी सांगावं

जुळे_सोलापूरकर (6 जानेवारी)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नवी पेठेत एका दुकानात लग्नपत्रिका नि फ्लेक्सचं डिझाइन करत होते. दिवाळीनंतर ते सोडलं, आता घरूनच ऑनलाइन कामं घेते.

फायव्हरवर (परदेशी गिऱ्हाइकांची कामं मिळवून देणारी साइट, अपवर्कही तसलीच) पहिली ऑर्डर आली, 60 डॉलरची. लोगो आणि मसाल्याच्या पाकिटाचं डिझाइन. 2 तारखेला फाइली दिल्या. समोरचा माणूस हूं की चूं नाही. काल आपोआप ऑर्डर पूर्ण झाली असं दिसलं, पण पैसे 'पेंडिंग'मध्ये, आणि तेही 48 च. वरचे 12 कुठं गेले? शिवाय कालपासून अपवर्कवर तासावरचं एक काम सुरू केलंय, त्याचे कधी येतात तेही माहीत नाही.

10 तारखेला स्कूटीचा हप्ता आहे. बाबांचं आयुष्य मागावर गेलं, आठवड्याचा हिशोब आठवड्याला मिळायचा. त्यांना 'पेंडिंग' म्हणजे काय ते सांगून सांगून थकले. आई तर सरळ म्हणते, फसवलं तुला. कुणी नीट समजावेल का? आणि नवख्या माणसानं कुठलं काम आधी धरावं?

कडकभाकरी

फसवलं नाही. 12 डॉलर फायव्हरचं कमिशन, 20 टक्के. राहिलेले 48 रांगेत आहेत. 10 तारीख मात्र विसर.

होटगी_रोड

ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण 10 तारखेचा हिशोब मुळातच चुकला. आपण काम दिल्याच्या दिवसापासून मोजतो, साइट मोजते ते काम *मंजूर* झाल्यापासून.

तुमचंच घ्या. 2 ला फाइली दिल्या. गिऱ्हाईक गप्प बसलं तर फायव्हर 3 दिवसांनी ऑर्डर आपोआप पूर्ण धरतं, म्हणजे 5 तारीख. तिथून नव्या विक्रेत्याला 14 दिवसांचा होल्ड. आली 19 तारीख. त्या दिवशी पैसे 'काढता येतील' असं दिसेल, बँकेत आलेले नसतील. ते पायोनियरकडे (परदेशातले पैसे इथं पोचवणारी कंपनी) पाठवायचे, तिथून बँकेत, आणि त्यात कामाचे दिवस जातात. शनिवार-रविवार आडवा आला की अजून लांबतं, आणि 26 ला तर बँकच बंद. त्यामुळं 19 लाच पाठवा, आळस नको. आणि गिऱ्हाइकानं मध्येच बदल मागितला असता तर ते 3 दिवस नवीन डिलिव्हरीपासून परत सुरू झाले असते.

अपवर्कचं तासाचं काम वेगळं चालतं. आठवडा सोमवार ते रविवार, पण घड्याळ यूटीसीचं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. आपल्याकडं सोमवारी पहाटे 5.30 ला आठवडा बंद होतो. तासांची नोंद तपासायची तर त्याच सोमवारी संध्याकाळी 5.30 पर्यंत. नंतर गिऱ्हाईक शुक्रवारपर्यंत बघणार, आणि पैसे त्याच्या पुढच्या बुधवारी मोकळे. म्हणजे 5 ते 11 जानेवारीच्या कामाचे पैसे 21 ला. काल केलेल्या पहिल्या तासाचे पैसे सोळा दिवसांनी! पण एकदा हे चाक फिरायला लागलं की मग दर बुधवारी येतात. बाबांना हे पटेल बघा, आठवड्याचा हिशोबच आहे, फक्त दहा दिवस मागं चालतो.

आपल्या नळासारखं समजा. पाणी रोज येत नाही म्हणून कुणी गाव सोडत नाही. कुठल्या दिवशी सुटतं ते माहीत असतं नि पिंप भरलेलं असतं. पहिल्या सहा आठवड्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवूनच यात उतरावं, हे तुम्हाला दिवाळीतच कुणीतरी सांगायला हवं होतं.

सात_रस्ता

म्हणजे सगळी गड्ड्याची जत्रा कोरडीच की. पाळण्यात बसायचं तरी आईकडून पैसे घेऊन 😄

शेंगाचटणी

तासाच्या कामात अपवर्कचा तास मोजणारा ट्रॅकर चालू ठेव हं. तो दर दहा मिनिटांत एकदा स्क्रीनचा फोटो घेतो, थोडं विचित्र वाटतं, सवय होते. हातानं भरलेल्या तासांना पेमेंटचं संरक्षण नाही. गिऱ्हाईक नाही म्हणालं तर गेलं.

आता माझी फजिती ऐक. अपवर्कवर माझं पहिलं काम ठरीव रकमेचं होतं, मराठी सबटायटलांचं. फाइल चॅटमध्ये टाकली, समोरच्यानं अंगठा दाखवला, मी खूश. एक आठवडा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी मोबाइल बघायचा. शेवटी मामेभावानं लॅपटॉप ओढून घेतला नि विचारलं, "सबमिटचं बटण दाबलंस का?" नव्हतं दाबलं! ते दाबल्यावरच गिऱ्हाइकाचे 14 दिवस सुरू होतात. त्यात त्यानं काहीच केलं नाही तर पैसे आपोआप सुटतात, वर 5 दिवसांचा सुरक्षा होल्ड. माझं घड्याळ कुणी चालूच केलं नव्हतं. त्या दिवशी दाबलं, गिऱ्हाइकानं संध्याकाळी मंजूर केलं, सहाव्या दिवशी पैसे मोकळे. चूक सगळी माझी, तीन आठवडे शिव्या मात्र साइटला.

अजून एक, 'फंडेड' असं दिसल्याशिवाय माइलस्टोनला, म्हणजे कामाच्या टप्प्याला, हात लावू नकोस. पैसे एस्क्रोत, म्हणजे साइटकडं राखून, आले की निदान ते आहेत एवढं कळतं.

सात_रस्ता

मालक, खरं सांगू? तरी हे बरंय. मी एका टॉवेलवाल्याला जॅकार्डची डिझाइनं काढून देत होतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. दर वेळी "सोमवारी या". कुठल्या सोमवारी ते सांगत नव्हता. चौथ्या महिन्यात अर्धे दिले, उरलेल्याचे टॉवेल घ्या म्हणाला. घेतले. पाहुण्यांना अजून तेच देतोय.

होटगी_रोड

काय बे, उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) केली असतीस तर? फुकट होते, ऑनलाइन. सेवा देणाऱ्या छोट्या धंद्याला कायद्यानं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत, पुढं व्याज लागतं. पण हे इथल्या गिऱ्हाइकांचं. ताईंच्या परदेशी पाहुण्यांना त्याचं काय!

सात_रस्ता

त्याच्यावर केस टाकली असती तर टॉवेलही मिळाले नसते बे.

खाते_उतारा

बँकेत होतो, आता निवृत्त. मुली, आजच एक काम कर. साइटवरचं नाव, पॅनवरचं नाव आणि खात्यावरचं नाव अक्षर न् अक्षर एक आहे का बघ. वडिलांचं नाव एकीकडे मधे आणि दुसरीकडे गायब, यावरच लोकांचे पैसे परत फिरतात. 19 तारखेला हे शोधत बसू नकोस. पॅनही साइटवर भर, नाहीतर टीडीएस जास्त कापला जातो.

अपवर्कवर बँक खातं नव्यानं जोडलं की ते चालू व्हायला 3 दिवस जातात, म्हणून आत्ताच जोडून ठेव. तिथून इथल्या बँकेत पाठवायला दर वेळी 0.99 डॉलर लागतात, तेव्हा दहा-दहा डॉलर काढत बसू नये. उद्या कुणी थेट पेपॅलवर दिले तर दोन गोष्टी लक्षात ठेव: नव्या खात्यात पैसे 21 दिवसांपर्यंत रोखून धरले जाऊ शकतात, आणि कामाचा परपज कोड, म्हणजे पैसे कशाचे आले ते सांगणारा कोड, बरोबर निवडावा लागतो. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचा कागद जपून ठेव, रिटर्न भरताना लागतो.

कडकभाकरी

फ्रीलान्सर डॉट कॉम या अशाच दुसऱ्या साइटवर जाणार असशील तर ऐक. ठरीव कामात 10 टक्के किंवा 5 डॉलर, जे जास्त असेल ते, काम *स्वीकारल्यावरच* कापतात. गिऱ्हाईक पळालं तरी. आणि पहिल्यांदा पैसे काढताना 15 दिवस थांबवतात.

'आधी कुठलं काम' याला माझं उत्तर: अपवर्कवर तासावरचं एक काम धर, बुधवारच्या पैशांसाठी. सोबत फायव्हरच्या छोट्या ऑर्डरी, दोन-तीन दिवसांत संपणाऱ्या. महिनाभराचं मोठं काम पहिल्या फेरीत नको. घ्यावंच लागलं तर चार माइलस्टोन पाड, पहिला सगळ्यात लहान.

शेंगाचटणी

आणि "लवकर पैसे हवेत तर टेलिग्रामवर ये, आधी नोंदणीचे भर" असं कुणी म्हणालं की ब्लॉक. पैसे अडलेल्या माणसाला तेच बरोबर हुडकतात. घाईत मी एकदा भरणारच होते, ओटीपी आला नाही म्हणून वाचले.

जुळे_सोलापूरकर

सगळ्यांचे आभार. पॅनवर आडनाव आधी आहे नि फायव्हरवर शेवटी, आत्ता बघितलं. आजच दुरुस्तीला टाकते. बाबांना बुधवारचं सांगितलं तर म्हणाले, "मग असं सांग की, एक आठवडा मालकाकडं बाकी." 10 चा हप्ता ते भरतायत.

जुळे_सोलापूरकर (22 जानेवारी)

फायव्हरचे 19 ला सकाळीच पाठवले होते, आज पावणेअकराला जमा झाले. नेमकं पाणी सुटलेलं, हात ओले, मेसेज आईनंच वाचला. डॉलरचे रुपये होताना दर गुगलवर दिसतो त्यापेक्षा कमी लागला, ते कुणी आधी सांगितलं नव्हतं! अपवर्कचे काल मोकळे झालेत, पुढच्या बुधवारचे मिळून एकदमच काढणार.

आता एकच. हप्त्याची तारीख 10 वरून 25 करून मिळते का?

खाते_उतारा

शाखेत जाऊन लेखी अर्ज दे, पोच घे. करतात कधीकधी. मधल्या दिवसांचं व्याज लावतील का ते सहीच्या आधी विचार.