‘काम आहे, पोरंच नाहीत’ म्हणणाऱ्यांनी गेटवरचा बोर्ड पुरता वाचावा

मागचा_बाक

दोन दिवस झाले, एक पोस्ट बेळगावच्या प्रत्येक ग्रुपात फिरायलीय. उद्यमबाग, मच्छे, होनग्यात गेटागेटावर ‘सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनला ऑपरेटर पाहिजेत’ असे बोर्ड, तरी आपली आयटीआय-डिप्लोमावाली पोरं चाकणला एका खोलीत सहाजण झोपतात. कारण काय, तर गावात हात काळे करायची लाज! खाली अंगठ्यांचा पाऊस. मी अंगठा दिला नाही, म्हणून हे लांबडं लिहायलोय.

बोर्डाची दुसरी ओळ कुणी वाचली काय? ‘अनुभव २ वर्षे.’ नुकताच निकाल लागलेल्या टर्नरनं ती दोन वर्षं कुठनं आणायची, रविवार पेठेतनं किलोवर?

बोर्ड लिहितात ऑपरेटरचा, माणूस पाहिजे असतो सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारा. ऑपरेटरचं काम जॉब लावा, सायकल स्टार्ट, दर पाचवा पीस मोजा. ते पंधरा दिवसांत येतं. अडतं ते ऑफसेटवर, म्हणजे टूल किती सरकवायचं त्या आकड्यावर. समजा ४० मिमीचा शाफ्ट, ड्रॉइंगवर एच-सात फिट, म्हणजे ४०.००० ते ३९.९७५. पीस ४०.०६० आला. मधला साईज ३९.९८८ धरला तर ०.०७२ कमी करायचाय. वेअरच्या (टूलच्या झिजेच्या) रकान्यात आधीच उणे ०.१२० आहे. पोरानं उणे ०.०७२ टाइप करून ‘प्लस इनपुट’ दाबायचं सोडून नुसतं ‘इनपुट’ दाबलं, की जुना आकडा पुसला. उणे ०.१९२ हवं होतं, राहिलं उणे ०.०७२. पुढचा पीस ४०.१०८. बाहेरच्या व्यासाचं एवढं काय नाही, माल शिल्लक आहे, परत काढता येतं. हीच चूक बोअरमध्ये (आतल्या भोकात) उलटी झाली तर कास्टिंग भंगारात.

हे कुठल्या पुस्तकात येत नाही. मशीनसमोर कुणीतरी शेजारी उभं राहून दोन-तीन महिने दाखवायला लागतं. ते दोन-तीन महिने कुणाच्या खर्चानं, हा प्रश्न आहे. लाजेचा नव्हे.

फौंड्रीवाला

लिहिलंय झकास, पण हिशेब अर्धाच मांडलाय. पोरगं शिकायलंय तेवढ्यात मशीन थांबत नाही. जॉबवर्कमध्ये भाव पीसवर ठरतो, मशीनचा तास पदरचा. इन्सर्टचा (कापणाऱ्या पात्याचा) एक कोपरा उडाला तर चालेल, पण टर्रेट (टूल धरणारा भाग) जॉब धरणाऱ्या चकवर नेऊन आपटला तर अलाइनमेंट, इंजिनियरची व्हिजिट, चार दिवस मशीन बंद. ऑर्डर गिऱ्हाइकाची, दंड आमचा.

आणि एवढं करून सहा महिन्यांनी पोरगं तयार झालं, की रस्त्यापलीकडचा दीड हजार जास्त देऊन उचलतो. शिकवायचं एकानं, खायचं दुसऱ्यानं. म्हणून बोर्डावर ‘अनुभव’ लिहितात. हौस नाही.

फौंड्रीत तर मशीनपर्यंत कुणी येतच नाही. फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) बिहार-ओडिशाची माणसं लागतात, कारण आपल्या पोराला ग्राइंडरची धूळ नको. एसजी आयर्नला (गोल ग्रॅफाइटच्या बिडाला) मॅग्नेशियम दिल्यावर धातू दहा-बारा मिनिटांत ओतून संपवायचा असतो, नाहीतर ग्रॅफाइट गोल राहत नाही, अख्खी हीट, म्हणजे भट्टीभर धातू, फुकट. तिथं मोबाइल बघत उभा राहणारा गडी काय कामाचा?

कागदपत्रं_आधी

उचलतो म्हणे! उचलू नये म्हणून तुम्ही काय बांधलंय त्याला? ‘ट्रेनी’ म्हणून हजेरी वहीत नाव, पगार हातात. ना नेमणुकीचं पत्र, ना पीएफ, ना ईएसआय. सोडताना अनुभवाचं पत्र मागितलं तर ‘बघू की पुढच्या आठवड्यात.’ दोन वर्षं राबून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गेला, तर एचआर यूएएनची (पीएफच्या कायम नंबरची) सर्व्हिस हिस्ट्री बघणार. ती कोरी. म्हणजे परत फ्रेशर.

शिकाऊ पाहिजे तर १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे. ३० किंवा जास्त माणसं असतील तर घ्यायचेच आहेत, अडीच ते पंधरा टक्के. ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. २०१९ च्या नियमांत किमान स्टायपेंड आयटीआयला ७,०००, डिप्लोमाला ८,०००, डिग्रीला ९,०००. त्यातले २५ टक्के, पण १,५०० पर्यंतच, नॅप्समधनं (केंद्राच्या अप्रेंटिस योजनेतनं) सरकार सरळ पोराच्या खात्यात टाकतं. कायद्याखालच्या अप्रेंटिसला पीएफ लागत नाही, ईएसआय लागत नाही. पण ते सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर काँट्रॅक्ट केलं तरच. तोंडी ट्रेनीला ही सूट नाही, तो तुमचा कामगारच. पीएफचा माणूस येऊन वही उघडली तर कळेल.

आणि ‘दंड आमचा’ म्हणताय, तर पीस मोडल्यावर पोराच्या पगारातनं कापून घेणारे किती आहेत तेही लिहा.

फौंड्रीवाला

पोर्टल, पोर्टल. तुम्ही कधी ते उघडून बघितलंय? आधारचं नाव एक, आयटीआयच्या दाखल्यावर एक, बँकेत तिसरं. ओटीपी येणार पोराच्या बापाच्या मोबाइलवर, बाप शेतात. महिनाभर काँट्रॅक्ट लटकतंय. कारखाना चालवायचा का सायबर कॅफे?

खानापूर_पॅसेंजर

नावाचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि आपल्याकडं जास्तच. एसएसएलसीच्या (इथल्या दहावीच्या) मार्क्सकार्डावर नुसती इनिशियल, आधारवर बापाचं नाव पुरं, आडनावाचं स्पेलिंग कन्नडमधनं इंग्रजीत जाताना वेगळं. ‘पाटील’ शेवटी एका ‘एल’चा की दोनचा इथनं सुरुवात. कुठलं कुठं दुरुस्त करायचं ते पोरांना कुणी सांगत नाही. मार्क्सकार्ड शाळेतनंच, हेडमास्तरांच्या मार्फत बोर्डाकडं. ते वेळ खातं, म्हणून बरोबर असेल ते मार्क्सकार्ड तसंच ठेवून आधार त्याच्यासारखं करून घ्यायचं, मग बँक, मग पॅन. यूएएन सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमानं गेला की प्रत्येक ठिकाणी परत हेलपाटा.

आणखी एक. ‘पोरं’ म्हणताय तेव्हा मुली मोजायलाय काय? डिप्लोमा मेकॅनिकल झालेल्या मुलीला मुलाखतीत पहिला प्रश्न, ‘नाइटला येणार?’ नाही म्हटलं की क्वालिटीत. गेज धरायचं आणि रजिस्टर भरायचं, तिथंच पाच वर्षं. हत्तरगीच्या एरोस्पेस सेझकडं मुली बघतात ते काय विमानाच्या हौसेनं? कारखाना मोठा असला की कंपनीची बस असते. उद्यमबागेत दुसरी पाळी सुटल्यावर खानापूरकडं जायचं कशानं?

सीमेवरचा_गडी

सगळे फांद्या तोडायलेत, मुळाला हात कुणी घालत नाही. मूळ भाषेत आहे. मराठी माध्यमातनं दहावी झालेल्या पोरासमोर कर्नाटकात सरकारी नोकरीचा दरवाजा बंद. केपीएससीला (कर्नाटकाच्या लोकसेवा आयोगाला) सक्तीचा कन्नड पेपर, १५० पैकी ५० पडले नाहीत तर बाकीचे पेपर तपासले न तपासले सारखेच. आणि ‘महाराष्ट्रात जा’ म्हणावं तर तिथंही उपरे. २००४ पासून सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. त्या वर्षी जन्मलेली पोरं डिप्लोमा होऊन घरी बसलीत!

कन्नड_शिका_की

आलं बघा. धागा कारखान्याचा, ह्यांनी सीमावादाच्या महाजन आयोगापर्यंत नेला. १५० पैकी ५० म्हणजे तेहतीस टक्के, दहावीच्या पातळीचा पेपर. पत्र, सारांश, म्हणी, भाषांतर. रोज एक तास बसला तर आठ महिन्यांत होतंय. भाजीवालीशी कन्नडात घासाघीस करणाऱ्या पोराला लिपी येत नाही, ह्याला काय सीमाप्रश्न म्हणायचं? ५० काढणारी मराठी पोरं आहेत. न काढणारी मोर्चात पुढं असतात.

सीमेवरचा_गडी

तोंड सांभाळून. शिकायला नाही म्हणतच नाही कुणी. पण बोर्डावर मराठी दिसली की डांबर फासायचं, मराठी शाळेत मास्तर द्यायचे नाहीत आणि वर ‘शिका की’. तुझी पोरं कुठल्या माध्यमात आहेत ते सांग आधी.

कन्नड_शिका_की

इंग्लिश. तुझ्या नेत्यांचीही तिथंच.

कागदपत्रं_आधी

भांडण संपल्यावर थोडं कामाचं. ‘महाराष्ट्रात उपरे’ हे पूर्ण खरं नाही. महाराष्ट्रानं दावा केलेली ८६५ गावं आहेत. त्यांतल्या मराठी भाषकाला राज्यसेवा, पोलीस वगैरे भरतीत महाराष्ट्राच्या डोमिसाइलऐवजी १५ वर्षं वास्तव्याचा दाखला चालतो. इंजिनियरिंग-फार्मसीच्या प्रवेशालाही सीमाभागाचा वेगळा प्रकार आहे. तिथं दोन कागद लागतात, गाव सीमाभागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा. फॉर्म भरतानाच तो प्रकार निवडायला लागतो. ‘महाराष्ट्राबाहेरचा’ निवडून बसला तर नंतर रडून उपयोग नाही.

चुकतं कुठं? गाव यादीत आहे का हे शेवटच्या दिवशी बघतात. भरतीचा दाखला जाहिरातीतल्या नमुन्यातच पाहिजे, आणि तो देणारा तहसीलदार इथला, कर्नाटकाचा. त्यानं महाराष्ट्राच्या नमुन्यावर सही करावी म्हणजे सासूनं सुनेच्या माहेरची वाखाणणी करावी तसं. म्हणून अर्ज जाहिरात निघायच्या आधी टाकायचा, सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि जुनी मतदार यादी.

अजून एक खड्डा. कर्नाटकाचा ३-ब चा (मराठ्यांच्या मागास प्रवर्गाचा) दाखला तिकडं आरक्षणाला चालत नाही. खुल्यातनंच लढायचं. तेवढं गृहीत धरूनच अभ्यास करा.

सीमेवरचा_गडी

म्हणजे दाखला आहे, पण मिळत नाही. मी वेगळं काय म्हणत होतो?

कागदपत्रं_आधी

तुम्ही ‘दरवाजा बंद’ म्हणत होता. बंद नाही, गंजलाय. तेल घालायला लागतं.

निपाणीकर

सरकारी, सरकारी काय लावलंय? अग्निवीरचं बघा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरच्या गावात निम्मी पोरं पहाटे १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारायच्या नादात. पहिल्या वर्षी ३० हजार, त्यातले ९ हजार निधीत, हातात २१. चार वर्षांनी चारात एकच कायम. बाकी तिघं सेवानिधीचे ११ लाख ७१ हजार घेऊन परत त्याच गेटवर, ‘अनुभव २ वर्षे’ वाचत. आधी आयटीआय करून गेला असेल तर निदान ट्रेडचा दाखला तरी हातात. बारावी नापास होऊन गेलेला काय करणार? अकादमीवाले हे सांगतात काय? फी मात्र आगाऊ.

कन्नड_शिका_की

आणि युवानिधी, कर्नाटकाचा बेकार भत्ता? डिग्रीला ३,०००, डिप्लोमाला १,५००, दोन वर्षं. पोरं त्यावर बसलीत, म्हणून कामाला येत नाहीत.

कागदपत्रं_आधी

पास होऊन १८० दिवस बेकार राहिल्यावर मिळतो तो. आणि आयटीआयला नाहीच, टर्नर-फिटरचा संबंध कुठं आला? उलट वाकडं हे, की स्टायपेंड घेणाऱ्या अप्रेंटिसला युवानिधी मिळत नाही. डिप्लोमावाल्यानं १,५०० साठी ८,००० सोडायचे असा वेडा कुणी नसतो. पण तोंडी ट्रेनीचं नाव कुठंच नसतं, त्यामुळं तो दोन्ही घेतो, आणि म्हणूनच त्यालाही काँट्रॅक्ट नको असतं. हा मुद्दा मालकांच्या बाजूचा आहे, फुकट देतो.

फौंड्रीवाला

उपकार झाले.

मागचा_बाक

धागा शिनोळीची हद्द ओलांडून मुंबईला पोचला होता, आता माघारी आणूया. मालकसाहेब, शिकवलेलं पोरगं पळतं हे मान्य. पण पळतं ते दीड हजारासाठी नव्हे. दुसऱ्या वर्षीही त्याच मशीनवर, तोच शाफ्ट, ऑफसेटला हात लावायचा नाही. ‘सेटरला विचार.’ सेटरला वाटतं, हा शिकला तर माझं वजन कमी. मग पोरगं चाकणला जातं, तिथंही सायकल स्टार्टच दाबतं, पण निदान पगाराची स्लिप येते. बाचीच्या पुढं शिनोळीत राज्य बदलतं, पण यूएएन तोच राहतो, ईएसआयचा नंबरही तोच. कागद असला की पोरगं कुठनंही परत येऊ शकतं. नसला तर एकदा गेलं की गेलं.

फौंड्रीवाला

सेटरचं बोललात ते खरं. त्याला विचारल्याशिवाय मलासुद्धा मशीनला हात लावता येत नाही, हे लिहायचं नव्हतं.

माझ्याकडं २२ माणसं. बंधन नाही म्हणताय. १५ टक्क्यांनी किती होतात?

कागदपत्रं_आधी

तीन.

फौंड्रीवाला

तीन नको, दोन. एक नंबरचं जुनं मशीन लोडवर नाही, त्यावर. कास्टिंग ब्लोहोलनं (आतल्या हवेच्या पोकळीनं) रिजेक्ट झालेलं देणार, इन्सर्ट वापरलेले. रविवारी बोलावतो, मशीन मोकळं असतंय.

मागचा_बाक

रिजेक्ट माल चालेल, शिकायला तोच बरा. रविवार नको, अप्रेंटिसला ओव्हरटाइम चालत नाही, पहिल्या पाळीत घ्या. आणि काँट्रॅक्ट आधी.

फौंड्रीवाला

ओटीपी येऊ दे की मर्दा आधी.

खानापूर_पॅसेंजर

दोनातली एक मुलगी असेल काय?

फौंड्रीवाला

पहिली पाळीच म्हणताय, तर येऊ दे. पण सेटरला तुम्ही सांगायचं.