मदत हवी आहे: सोलर या सर्च सॉफ्टवेअरची चालू कॉन्फिग (सेटिंग्ज) नक्की असते कुठे? (तातडीचे)

खिडकीपाशी:
जाणकारांनी लवकर सांगा प्लीज. सर्व्हरचा क्लस्टर ज्याने उभा केला तो मागच्या महिन्यात सोडून गेला, कागदोपत्री काही नाही. मी सोलरकॉन्फिग ही सेटिंग्जची फाइल बदलून रीस्टार्ट मारला तरी ढिम्म फरक नाही. उद्या सकाळपर्यंत हवंय.

अर्धा_चहा:
व्हर्जन? नोड (क्लस्टरमधली मशीन) किती? सोलरक्लाउड (अनेक नोडांवर मिळून चालणारं) की साधं? आणि फाइल कुठली बदललीत?

खिडकीपाशी:
८.११, क्लाउड, ३ नोड. कॉन्फिगसेट्समधल्या डिफॉल्ट फोल्डरातली. तिन्ही मशीनवर बदलली!

अर्धा_चहा:
तो नुसता साचा हो. कलेक्शन (सर्च करायच्या मालाचा साठा) बनवताना त्याची प्रत झूकीपरमध्ये, म्हणजे सगळ्या नोडांची सामाईक सेटिंग्ज सांभाळणाऱ्या सर्व्हरमध्ये जाते, मग त्या फोल्डराला कोणी विचारत नाही. सोलरच्या अ‍ॅडमिन पानावर क्लाउड, मग ट्री उघडा. कॉन्फिग्सखाली खरा सेट दिसेल. फाइली उतरवायच्या तर 'सोलर झेडके डाउनकॉन्फिग'.

जुना_खोडा:
सोलर सोडा, इलास्टिकसर्च या दुसऱ्या सर्च सॉफ्टवेअरवर या. क्लस्टर सेटिंग्ज एका 'गेट' विनंतीत, 'इन्क्लूड डिफॉल्ट्स' लावलं की न बदललेल्यासुद्धा. झूकीपरचं लोढणं नाही.

चौथा_मजला:
उद्या सकाळपर्यंत मायग्रेशन का काका? आणि तिथे प्रत्येक नोडची यमल सेटिंग्ज फाइल वेगळी निघाली की बसा जुळवत.

खिडकीपाशी:
कृपया भांडू नका. डाउनकॉन्फिग चालवलं, झूकीपरचा पत्ता म्हणून लोकलहोस्ट २१८१ दिलं. सेटच नाही म्हणतंय. ट्रीमध्ये तर दिसतोय!

अर्धा_चहा:
सोलर डॉट इन डॉट एसएच या स्टार्टअप फाइलीमधली झेडके होस्टची (झूकीपरच्या पत्त्यांची) ओळ इथे टाका. आयपी झाका.

शुद्धलेखनप्रेमी:
मराठी मजकूर असेल तर हिंदी नॉर्मलायझेशन फिल्टर लावा, ऱ्हस्व-दीर्घाची कटकट मिटते. फक्त 'दिन' आणि 'दीन' एकच होतात, ते तेवढं चालवून घ्या.

खिडकीपाशी:
@शुद्धलेखनप्रेमी सगळा माल इंग्रजी पार्ट नंबरांचा आहे.
@अर्धा_चहा ३ पत्ते, स्वल्पविराम, आणि शेवटी '/सोलर'.

अर्धा_चहा:
ती शेपटीच राहिली तुमची. सोलरचं सगळं झूकीपरच्या त्या फांदीखाली आहे, तुम्ही मुळाशी शोधताय. अख्खी ओळ द्या, शेपटीसकट.

खिडकीपाशी:
उतरलं!!! पण यात सॉफ्ट कमिट (नवा माल सर्चमध्ये आणायची मुदत) १५००० मिलिसेकंद लिहिलंय. मग नवा पार्ट सर्चमध्ये यायला १० मिनिटं का लागतात?

अर्धा_चहा:
म्हणजे खरं दुखणं हे होतं? पहिल्याच पोस्टीत लिहायचं ना. उतरवलेल्या फोल्डरात कॉन्फिगओव्हरले नावाची जेसन फाइल आहे का?

खिडकीपाशी:
आहे. एकच ओळ. सॉफ्ट कमिट ६०००००, म्हणजे १० मिनिटं.

अर्धा_चहा:
सापडला चोर. कोणीतरी कॉन्फिग एपीआयने (फाइल न उघडता, विनंती पाठवून) ठेवलंय, ते मूळ फाइलीच्या डोक्यावर बसतं. पुढच्या वेळी कलेक्शनच्या पत्त्यापुढे '/कॉन्फिग' लावून बघा, प्रत्यक्षात लागू असलेला आकडा तिथे दिसतो.

चौथा_मजला:
ती जेसन हाताने खोडू नका. 'अनसेट प्रॉपर्टी' पाठवा, सगळे नोड आपोआप उचलतात, रीस्टार्ट नको. पण १० मिनिटं मुद्दाम ठेवली असतील तर? रात्री मोठा इंपोर्ट चालतो का तुमच्याकडे?

खिडकीपाशी:
केलं, १५ सेकंदांत दिसतंय. इंपोर्टचं विचारून सांगतो.

जुना_खोडा:
इलास्टिकमध्ये नवं सर्चमध्ये यायला डिफॉल्टच १ सेकंद असतो.