येत्या हंगामातील नव्या संगीत नाटकांकडून काय अपेक्षा ठेवावी?

स्वरलिपी

पावसाळा ओसरला की वर्तमानपत्रांतील नाटकांच्या जाहिराती पुन्हा दाटीने दिसू लागतात, आणि दिवाळी व ५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन यांच्या आगेमागे नव्या नाटकांचे शुभारंभाचे प्रयोग लागतात. या वर्षी मी त्यांत नवी संगीत नाटके शोधणार आहे. 'सौभद्र', 'मानापमान' किंवा 'कट्यार काळजात घुसली' यांचे प्रयोग मी आवडीने पाहतो आणि ती नाटके सतत उभी राहावीत असेच मला वाटते. परंतु ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगमंचावर आणले तेव्हा तेही कोरे करकरीत नाटक होते, आणि पुढचे पद कोणत्या चालीत येणार हे प्रेक्षकांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. ज्याचे एकही पद आपल्याला आधी पाठ नाही, असे नाटक पाहण्याची ओढ मला लागली आहे.

अलीकडच्या काळात हा अनुभव मला 'संगीत देवबाभळी'ने दिला. २०१७ मध्ये रंगमंचावर आलेल्या या नाटकात पात्रे दोनच, तुकोबांची आवली आणि तिच्या पायात रुतलेल्या काट्यानिमित्त तिच्या घरी राहायला आलेली रखुमाई. दोघी अभिनेत्री स्वतः गातात. आवलीची विठ्ठलावरची तक्रार बोलण्यातून गाण्यात कधी शिरते, ते कळत नाही, आणि गाणे संपल्यावर टाळ्या वाजवायच्या की पुढचे वाक्य ऐकायचे, अशा पेचात प्रेक्षागृह पडते.

म्हणून जाणकारांना विचारतो. नवे संगीत नाटक पाहायला जाताना नेमके कशाकडे लक्ष द्यावे? आज लिहिल्या जाणाऱ्या नाटकात पदे किती असावीत, आणि ती रागदारीचीच असावीत का? शिवाय ध्वनिमुद्रित साथीवर गायलेल्या नाटकाला आपण त्याच पंक्तीत बसवावे का?

पायपेटी

मी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतो, त्यामुळे आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. माझे उत्तर स्पष्ट आहे: साथ समोर बसून वाजवलेली असावी. त्यामागे जुन्याविषयीचे ममत्व नाही, कामाची गरज आहे.

पद सुरू होण्याआधी काय घडते, ते सांगतो. नटाची गद्यातील शेवटची दोन वाक्ये चालू असतानाच ऑर्गनवाला अगदी हलक्या दाबाने षड्ज, म्हणजे गाण्याचा आधारसूर 'सा', धरतो. तो सूर प्रेक्षकांना जाणवतही नाही, पण नटाचा आवाज बोलता बोलता त्याच्या जवळ सरकतो आणि मुखड्याचे पहिले अक्षर थेट सुरावर पडते. मुखडा, म्हणजे पदाची पहिली ओळ, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आला की तबला ठेका धरतो. एखाद्या रात्री नट त्या वाक्यावर थोडा अधिक थांबला, त्याचा कंठ दाटून आला किंवा समोरून दाद आली, तर आम्हीही थांबतो. ध्वनिमुद्रित साथ थांबत नाही. मग नटाला भावनेचा वेग त्या साथीच्या वेगाशी जुळवावा लागतो, आणि गायक-नट म्हणून त्याचे जे खरे सामर्थ्य आहे तेच बांधले जाते. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवाँसारखा तबलानवाज आणि कादरबक्षांसारखा सारंगिया साथीला बसत असे. त्या तोडीचे वादक आज प्रत्येक प्रयोगाला मिळणार नाहीत, हे मला मान्य आहे. तरी एक पेटी आणि एक तबला एवढी जिवंत साथ असली, तरी नाटक श्वास घेते.

नव्या संगीतकारांकडे मी दुसऱ्या एका गोष्टीसाठी डोळे लावून बसलो आहे. गाण्याचा 'सा' पेटीच्या ज्या स्वरावर धरतात ती त्या गायकाची पट्टी. पुरुषाच्या आवाजाला साधारणपणे काळी एक किंवा काळी दोन, म्हणजे पेटीची पहिली किंवा दुसरी काळी पट्टी, मानवते, स्त्रीच्या आवाजाला काळी चार किंवा काळी पाच. म्हणजे दोघांच्या षड्जांत चार-पाच सुरांचे अंतर पडते. स्त्रीभूमिका पुरुष नटच करीत होते त्या काळात ही अडचण फारशी येत नसे. आज नायक आणि नायिका एकाच पदात एकमेकांना उत्तर देऊ लागले की कोणाच्या पट्टीत गायचे, हा प्रश्न तालमीच्या पहिल्याच दिवशी उभा राहतो. मग एक जण तरी आवाज ताणतो किंवा खर्जात, म्हणजे फार खालच्या सुरांत, हरवतो. कसलेला संगीतकार एकाच्या पंचमाला ('प' या सुराला) दुसऱ्याचा षड्ज करून, किंवा दोघांसाठी रागाची वेगवेगळी अंगे योजून यातून वाट काढतो. बहुतेक जण मात्र द्वंद्वगीतच टाळतात. दोन माणसांचे भांडण दोन स्वतंत्र पट्ट्यांत रंगवणारे नवे पद या हंगामात ऐकायला मिळाले, तर माझ्यापुरता तो मोठा लाभ ठरेल.

रंगपीठ

पायपेटी यांचे म्हणणे मोलाचे आहे. मी दुसऱ्या बाजूने पाहतो. नव्या संगीत नाटकाची अपेक्षा करताना आपण बहुतेक वेळा नव्या नाट्यपदांची अपेक्षा करतो, आणि नाटक मागे राहते.

पदांच्या संख्येविषयी बोलायचे तर, किर्लोस्करी नाटकात शंभरावर पदे असत, कारण दिंडी, साकी, कामदा अशा छोट्या रचनांतून पात्रे जवळजवळ संवादच करीत. प्रयोग रात्रभर चालत आणि वन्समोअरने आणखी लांबत. १९१६ च्या 'स्वयंवर'पर्यंत चित्र पालटले होते; संगीतकार भास्करबुवा बखल्यांनी यमनातल्या 'नाथ हा माझा' किंवा बिहागातल्या 'मम आत्मा गमला' यांसारख्या पदांतून ख्यालगायकी, म्हणजे राग सावकाश फुलवत गाण्याची शास्त्रीय पद्धत, नाटकात आणली आणि एकेका पदाची बैठक होऊ लागली. गाणे त्याने श्रीमंत झाले. कथा मात्र थांबून वाट पाहू लागली. त्यावरचा उतारा १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा'ने शोधला. तेथे संगीतकार केशवराव भोळ्यांनी मोजकीच गाणी ठेवली आणि ती अशा जागी योजली की, ते पात्र तेथे खरोखर गुणगुणले असते असे वाटावे. ज्योत्स्ना भोळे यांच्या गाण्याला प्रसंगाचा आधार मिळाला. पुढे १९६४ च्या 'मत्स्यगंधा'पासून संगीतकार जितेंद्र अभिषेकींनी पदे आटोपशीर केली, आणि १९६७ च्या 'कट्यार'मध्ये तर दोन गायकांच्या दोन गायकींतूनच संघर्ष उभा केला. पंडितजी आणि खाँसाहेब यांच्या वैराविषयी एक अक्षर कळले नाही, तरी नुसत्या गाण्यावरून ही दोन वेगळी माणसे आहेत हे ऐकणाऱ्याला उमगते.

तेव्हा आठ पदे असावीत की वीस, हे आधी ठरवता येत नाही. पद काढून टाकल्यावर प्रसंग लंगडा झाला पाहिजे; होत नसेल तर ते पद तेथे अनाठायी आहे, मग ते कितीही सुरेल असो. नवे नाटक पाहताना मी एवढेच तपासतो.

रागदारीच हवी का, या प्रश्नाला माझे उत्तर नकारार्थी आहे. 'थिएटर अकॅडमी' या पुण्याच्या नाट्यसंस्थेच्या दोन नाटकांकडे पाहावे. सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये (१९७४) मृत माणूस स्वतःच्या मरणाचे कीर्तन करतो, आणि आनंद मोडकांचे संगीत त्या कीर्तनाच्या चौकटीतूनच उगवते. 'तीन पैशाचा तमाशा'मध्ये (१९७८) तर नाट्यसंगीत, लावणी आणि नंदू भेंडे यांच्या गळ्यातले पाश्चात्त्य रॉक शेजारी शेजारी नांदले. ही नाटके संगीत नाटकाच्या परंपरेबाहेरची मानण्याची आपली सवय मला पटत नाही.

आणि विषयाचे काय? गेली कित्येक वर्षे नवे संगीत नाटक म्हटले की संत, गायक किंवा पेशवाई यांपैकी एक ठरलेले. वास्तविक गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ मध्ये 'शारदा' आणले ते म्हाताऱ्या वराला कोवळ्या मुली देण्याच्या, त्यांच्या डोळ्यांसमोर चाललेल्या प्रकारावर. आणि गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त (१९१९) दारूने एक घर धुळीला मिळताना दिसते. म्हणजे आपल्या थोर संगीत नाटकांपैकी काही त्यांच्या काळातली धगधगीत सामाजिक नाटके होती. आजच्या शहरात भाड्याच्या खोलीत राहणारा, परीक्षांच्या चक्रात अडकलेला तरुण गाऊ लागला तर कसा गाईल, कोणत्या तालात गाईल, याचे उत्तर शोधणारे नाटक मला पाहायचे आहे. अशी एखादी संहिता या हंगामात आली, तर तिच्या उणिवा पत्करूनही मी पहिल्या आठवड्यात तिकीट काढीन.

कोकणकडा

मुंबई-पुण्याच्या जाहिरातींकडेच पाहत राहिलात, तर नव्या संगीत नाटकांचा मोठा भाग आपल्या नजरेतून सुटेल, एवढे नमूद करतो. राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी नाट्यस्पर्धांत संगीत नाटकांची वेगळी स्पर्धा असते. रत्नागिरीसारख्या गावांतल्या आणि गोव्यातल्या संस्था तिच्यासाठी नव्या संहिता लिहून घेतात, गावातलाच एखादा गायनशिक्षक चाली बांधतो, आणि दिवसभर नोकरी करणारी माणसे रात्री तालमी करतात. गोव्यात तर संगीत नाटक आजही देवळाच्या जत्रेत उभे राहते. जितेंद्र अभिषेकी आणि मास्टर दीनानाथ हे दोघेही त्याच मातीतले, मंगेशीचे.

या नाटकांत गाणे बहुधा उत्तम असते. तालीम कमी पडते ती गद्याची. पद संपले की नट हुश्श करून उभा राहतो आणि पुढचे वाक्य नुसते म्हणून टाकतो. रंगपीठ यांची कसोटी येथे लावली, तर निम्मी पदे गळतील. पण चार पदे अशी निघतात की ती व्यावसायिक रंगभूमीवर यायला हवी होती, आणि स्पर्धेचा एक प्रयोग व गावातले दोन-तीन प्रयोग झाल्यावर ती कायमची विरून जातात. 'देवबाभळी' आधी एकांकिका होती. ती कोणीतरी पाहिली, वाढवली आणि तिच्यामागे निर्माता उभा राहिला, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. स्पर्धेतल्या संगीत नाटकांच्या वाट्याला हे भाग्य क्वचित येते. येत्या हंगामाविषयी माझी मनापासूनची इच्छा हीच आहे की, एखाद्या निर्मात्याने स्पर्धेतली एक संहिता उचलावी, तिला कसलेला दिग्दर्शक द्यावा, आणि चाली बांधणाऱ्या मूळ माणसाला मात्र बदलू नये.

स्वरलिपी

तिघांचेही आभार. रंगपीठ यांची कसोटी मी 'देवबाभळी'ला मनातल्या मनात लावून पाहिली आणि एकही पद काढता आले नाही. कोकणकडा यांच्या सूचनेप्रमाणे स्पर्धेच्या वेळापत्रकावर लक्ष ठेवीन.

आणखी एक शंका आहे. माझी मुलगी गाणे शिकते आणि तिने नाट्यपदे केवळ जुन्या ध्वनिमुद्रिकांतून ऐकली आहेत. तिला पहिल्यांदा संगीत नाटकाला न्यायचे, तर जुन्या नाटकाला न्यावे की नव्या? आणि साथ नीट ऐकू यावी म्हणून कोठे बसावे?

पायपेटी

नव्या नाटकालाच न्यावे, असे मी सुचवीन. जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या तव्यावर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे बसत, म्हणून बालगंधर्वांची पदेही तेथे आटोपशीर झाली आहेत. रंगमंचावर तेच पद कितीतरी वेळ फुलत असे. ज्याने तव्यावरचे पद घोटून पाठ केले आहे, तो जुन्या नाटकाच्या प्रयोगात प्रत्येक जागा त्या मापाने मोजत बसतो. गाणे शिकणाऱ्या मुलीच्या बाबतीत तर हे हमखास घडते. नव्या नाटकात मोजायला हाताशी काहीच नसल्यामुळे ती शब्द ऐकेल, पात्राकडे पाहील, आणि गाणे नाटकातून कसे निघते ते तिला आपोआप दिसेल. 'सौभद्र' त्यानंतर अवश्य दाखवावे.

जागेविषयी सांगायचे तर, अगदी पहिल्या रांगा टाळाव्यात, कारण तेथे एका बाजूचे वाद्य अधिक ऐकू येते आणि नटाचा थेट आवाज ध्वनिक्षेपकाच्या आवाजात मिसळत नाही. मधल्या रांगांत, शक्यतो मध्यभागी बसावे. तालीम चांगली झालेल्या नाटकाचेही पहिले दोन-तीन प्रयोग साथीच्या दृष्टीने कच्चे असतात. पट्ट्या बदलतात, एखादे पद गळते, एखाद्याची लय चढवली जाते. मुलीला एकदाच नेणे शक्य असेल तर दहाव्या-बाराव्या प्रयोगाला न्यावे. दोनदा जमत असेल, तर शुभारंभाला आणि नंतर पुन्हा एकदा न्यावे, म्हणजे मधल्या काळात काय बदलले ते तिला स्वतःलाच ओळखता येईल.

रंगपीठ

याला एक पुरवणी जोडतो. नाटकाला जाण्याआधी त्यातली पदे समाजमाध्यमांवर ऐकून जाऊ नये, कारण अलीकडे शुभारंभाआधीच दोन पदे प्रसिद्ध केली जातात. निर्मात्याची त्यामागची गरज मी समजू शकतो, परंतु पद त्याच्या प्रसंगासह पहिल्यांदा ऐकण्याची संधी एकदाच मिळते, आणि स्वरलिपी यांनी ज्या ओढीने हा विषय काढला, तिला तीच संधी हवी आहे.